मंगळवारचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुधीरला नाही, नेहाला नाही, देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हाही नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. आणि एक आधीच सांगून ठेवते — वाचून झाल्यावर ‘बिचारी’ वगैरे म्हणू नका. मी बिचारी नाही. त्या गोष्टीत बिचारं दुसरंच कुणीतरी आहे.

कुठून सुरू करू? गावापासून करते, ते सोपं आहे.

पस्तीस वर्षं आम्ही लंडनच्या एजवेअर भागात काढली. मी एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हाऊसिंग ऑफिसात होते, सुधीर बँकेत. रिटायर झाल्यावर सुधीरला बाग हवी होती. मला काय हवं होतं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मिळालेल्या पैशांत हे घर आलं — लंडनपासून दोन तासांवरचं खेडं, एक पब, एक चर्च, एक दुकान, एक हॉल आणि मुलांचं एक प्लेग्राउंड. ओळखीची माणसं आली की म्हणायची, किती शांत आहे हो! शांत आहेच. दुपारी तीन वाजता रस्त्यात मांजर आडवं गेलं तर लोक पडदा सरकवून बघतात.

अशा गावाला इथे पॅरिश कौन्सिल असते. आपल्याकडची ग्रामपंचायत समजा, फक्त सरपंचाची जीप वजा करा. महिन्यातून एकदा सात माणसं हॉलमध्ये जमतात आणि गवत कोण कापणार, कुत्र्याच्या घाणीचा डबा कुठे बसवायचा, बस स्टॉपच्या काचेचं काय करायचं यावर दोन-दोन तास बोलतात. प्रत्येक घराच्या कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे घरपट्टीतून, एक छोटा वाटा या कामासाठी येतो. तो इतका छोटा, की एक बाक बदलायचा तर तीन मीटिंगा लागतात. पगारी माणूस एकच — क्लार्क. तीही आठवड्याचे दहा तास. पत्रं, हिशेब, मीटिंगची मिनिट्स, इन्शुरन्स, सगळं तिच्याच डोक्यावर. बाकी आम्ही सगळे फुकट फौजदार.

मी त्यात शिरले कशी? निवडून वगैरे काही नाही. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उभं राहायला कुणी तयार नव्हतं. रॉजर, आमचे चेअरमन, रिटायर्ड हेडमास्तर, एक दिवस घरी आले. चहा घेतला, सुधीरच्या टोमॅटोंचं कौतुक केलं आणि म्हणाले की तुमच्यासारखी अनुभवी व्यक्ती आम्हाला हवीच आहे. ते गेल्यावर सुधीर म्हणाला, “अगं, कशाला नसत्या भानगडीत पडतेस? आता कुठे रिटायर झालोय ना आपण?” मी ऐकलं नाही. कुणीतरी मला ‘हवी’ म्हटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि तिथे ब्रेंडा होती. क्लार्क.

तिच्याविषयी लिहायला बसले की अजूनही हात जड होतो. आधी जे तेव्हा वाटत होतं तेच लिहिते, नंतरची सारवासारव नको. मला ती पहिल्या मीटिंगपासून डोळ्यांसमोर नको होती. सहासष्ट वर्षांची, उंच, सडपातळ, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि समोर एक निळ्या पुठ्ठ्याची वही. ज्याने कुणी जे काही सांगितलं ते सगळं त्या वहीत जायचं. मी बोलायला लागले की ती मान खाली घालून लिहायची. कुठे चुकले की वर बघायची, आणि अगदी गोड आवाजात म्हणायची, “मिसेस पाठक, त्यासाठी आधी ठराव लागेल.” ठराव लागेल! तीस वर्षं मी सरकारी फायली उपसल्या आणि ही मला ठराव शिकवणार?

हॉलची गोष्ट तर मी आयुष्यभर विसरणार नाही. आमच्या जुन्या एजवेअरच्या मंडळींना दिवाळीला इथे बोलवावं, सत्तर-ऐंशी माणसं, हॉल थोड्या कमी भाड्यात मिळावा, असा अर्ज मी केला. हॉल कौन्सिलचाच. विषय निघाला तशी ब्रेंडा म्हणाली की मिसेस पाठक यांचा या विषयात वैयक्तिक संबंध येतो, तेव्हा चर्चा होईपर्यंत त्यांना बाहेर थांबावं लागेल. नियम होता. आधीच्याच महिन्यात तोच नियम लावून तिने खुद्द रॉजरना त्यांच्या कुंपणाच्या विषयावर बाहेर काढलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत. पण तेव्हा मला हसू आलं होतं. माझी पाळी आली तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी मी पंधरा मिनिटं उभी होते. आतून हसण्याचा आवाज आला. कशावर हसले असतील? बहुतेक चहावर, बिस्किटांवर. मी मात्र ठरवून टाकलं की माझ्यावर. हॉल मिळाला, कमी भाड्यातही मिळाला. राग तरीही गेला नाही. तुमच्याही आयुष्यात अशी एखादी खुंटी असेल. नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे.

त्या दिवसापासून मी ब्रेंडाला पाण्यात पाहायला लागले. तिने काटकसर केली की मी तिला कंजूष म्हणायचे. नियम दाखवला की खडूस. ती प्रत्येक खर्चाला एकच वाक्य बोलायची — “एप्रिलनंतर बघू, नव्या बजेटमध्ये.” छताची गळती? एप्रिलनंतर. बाकाची फळी? एप्रिलनंतर. इथलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिजोरीत खरंच काही नसायचं. तरी मी घरी येऊन सुधीरपुढे तिची नक्कल करायचे. तो हसायचा. मी नक्कल चांगली करते. हे सांगून ठेवते, कारण पुढे मला ती उपयोगी पडली.

आता प्लेग्राउंड.

दर आठवड्याला एका मेंबरने प्लेग्राउंडला चक्कर मारून सगळं तपासायचं, असा कौन्सिलचा रिवाज. इन्शुरन्सवाल्यांचीच अट ती. छापील कागद असतो. झोपाळ्यांच्या साखळ्या, घसरगुंडीच्या पायऱ्या, खालचं रबर, पडलेल्या फुटक्या काचा, आणि नवव्या ओळीत गेट. ते लोखंडी गेट आपोआप बंद होतं, पण सावकाश व्हायला हवं, निदान पाच आकडे मोजेपर्यंत. धाडकन आदळलं तर बिजागरी गेली. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, खाली तारीख, वेळ, सही. महिन्याचे चार कागद पाकिटात घालून ब्रेंडाच्या दारातल्या फटीतून आत टाकायचे. दहा मिनिटांचं काम. मी ते मागून घेतलं होतं. घेतलं कारण रॉजर म्हणाले, हे फार जबाबदारीचं काम आहे.

पहिले सहा महिने मी गेले. नेमाने गेले. गेट उघडून सोडायचे आणि उभ्या उभ्या मराठीत आकडे मोजायचे. एकदा एका साखळीचा दुवा झिजलेला मी शोधला, तर ब्रेंडाने चार दिवसांत नवीन बसवून घेतला. हो, चार दिवसांत. तेव्हा तिने एप्रिलची वाट पाहिली नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि नंतर त्या मीटिंगमध्येही माहीत होतं.

मग थंडी आली. चिखल, वारा, चार वाजता अंधार. एक आठवडा गेले नाही. कागदावर खूण केली. काय झालं? काहीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग हळूहळू महिन्याचे चारही कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकदम भरायला लागले. पाट्या टाकणं म्हणतात ना, ते. पण नुसत्या पाट्या टाकणारा माणूस आळशी असतो, मी त्याच्यापुढे गेले. चार कागदांसाठी मी चार पेनं वापरायचे. एकात सकाळी सव्वादहाची वेळ, दुसऱ्यात दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. एकदा तर नळाखाली बोटं ओली करून कागदाच्या कोपऱ्यावर झटकली, पावसात भरल्यासारखा दिसावा म्हणून. सांगा, याला आळस म्हणतात? एवढ्या खटपटीत मी दोनदा प्लेग्राउंडला जाऊन आले असते.

मनात काय होतं? हेच, की ब्रेंडा हे सगळे कागद भोकं पाडून, ओळीने फायलीत लावते आहे. आणि तिला कळत नाही. मला त्याची मजा वाटायची. खुंट्यांपाशी उभी केलीस ना मला — लाव आता फायली.

नोव्हेंबरपासून ईस्टरच्या सुट्टीपर्यंत मी त्या गेटला हात लावला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, ईस्टरच्या सुट्टीत, एका आठ वर्षांच्या मुलीचं बोट त्यात सापडलं. गावाच्या टोकाला नवीन घरं झाली आहेत, तिथली मुलगी. डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं, नखासकट. तिच्या आईने गावाच्या फेसबुक पानावर लिहिलं की हे गेट फेब्रुवारीपासून धाडधाड आदळतंय, आम्ही आया आपापसात बोलत होतो, कौन्सिल झोपली आहे का? खाली दहा-बारा जणांनी लिहिलं, हो, आम्हीही पाहिलं होतं. मी ते सकाळच्या चहाबरोबर वाचलं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? ती मुलगी? नाही. ते चार पेनांचे कागद.

त्या मुलीविषयी मी इथे एवढं कमी लिहिते आहे, हे माझ्या लक्षात येतंय. तेव्हाही असंच झालं. तिच्यासाठी कार्ड गेलं, कौन्सिलच्या सगळ्यांच्या सह्यांचं, त्यात माझीही सही. अजून कधीकधी दुकानात दिसते. स्वेटरची डावी बाही हातावर ओढून घेते. मी पाव घेते आणि निघते.

तातडीची मीटिंग बोलावली. बाहेरच्या लोकांना प्रवेश नाही, फक्त आम्ही आणि ब्रेंडा. इन्शुरन्स कंपनीने तपासणीचे कागद मागवले होते आणि ते टेबलावर मधोमध पडले होते. फेब्रुवारीचे चार, मार्चचे चार. आठही कागदांवर नवव्या ओळीपुढे बरोबरची खूण. रॉजरनी फार हळू आवाजात विचारलं. ते मला दुखवू पाहत नव्हते, माणूस तसा सज्जन. म्हणाले, “मिसेस पाठक, लोक म्हणतात गेट फेब्रुवारीपासून नादुरुस्त होतं. तुमच्या काही लक्षात आलं होतं का?”

एका वाक्यात संपलं असतं. मी गेले नव्हते. चार शब्दसुद्धा नाहीत. राजीनामा द्यावा लागला असता, गावात तोंड दाखवायला लाज वाटली असती, सुधीरला वाईट वाटलं असतं. बस.

मी म्हणाले, “हो, आलं होतं. मी ब्रेंडाला फोन करून सांगितलं होतं.”

कुठून आलं ते वाक्य? तयारी करून गेले नव्हते. पण एकदा बाहेर पडल्यावर पुढचं आपोआप येत गेलं, आणि मी ते बारीकसारीक तपशिलासह सांगितलं. मार्चमध्ये फोन केला. गेट आदळतंय म्हणून सांगितलं. ब्रेंडा म्हणाली, कागदावर लिहू नका, इन्शुरन्सवाले वाचतात, एप्रिलनंतर बघू, नव्या बजेटमध्ये. तिच्याच आवाजात, तिच्याच ढंगात सांगितलं — तीच नक्कल, जी मी सुधीरला हसवायला करायचे. कपडा अंगावर माप घेऊन शिवावा तसं ते खोटं तिच्यावर बसलं. खोलीतल्या प्रत्येकाने ते वाक्य तिच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं.

फोन मी केला नव्हता. हेच ते. एवढं लिहायला मला इतकी पानं लागली.

ब्रेंडाने वही उघडली. पानं उलटली, पुढे गेली, मागे आली. चष्मा काढला, पुन्हा लावला. मी वाट पाहत होते की ती आता उसळेल, खोटारडी म्हणेल. म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी घाबरत नाही. तिने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, “मला हे आठवत नाही.”

आठवत नाही! ‘हे खोटं आहे’ असं नाही म्हणाली. प्रामाणिक बाई, आधी स्वतःच्या डोक्यात शोधायला गेली. आणि तिथेच ती बुडाली, कारण सहासष्ट वर्षांची बाई ‘आठवत नाही’ म्हणाली की ऐकणारे एकमेकांकडे बघतात.

तरीही रॉजर घुटमळले. वीस वर्षं ओळखत होते ते तिला. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ते विचार करताहेत. मग मी जे केलं ते मला खोट्यापेक्षा जास्त लागतं. मी खुर्चीत मागे टेकले आणि शांतपणे म्हणाले, “असो. तिचा शब्द आणि माझा शब्द. अशा ठिकाणी असं झालं की कुणाचा शब्द चालतो, ते मला माहीत आहे.”

खोलीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एका बाईचे कान लाल झाले. आणि ऐका — या गावात माझ्या रंगावरून मला कुणीही, कधीही, एक शब्द बोललेलं नाही. लंडनमध्ये ऐकले आहेत मी असले शब्द, बसमध्ये, ऑफिसच्या काउंटरवर, आणि तेव्हा मूग गिळून गप्प बसले आहे. जिथे बोलायला हवं होतं तिथे नाही बोलले. जिथे कुणी काही केलं नव्हतं, तिथे बोलले. ज्यांनी खरोखर सोसलंय त्यांचं दुखणं मी त्या दिवशी उसनं घेतलं आणि एका म्हातारीच्या डोक्यात घातलं. रॉजर घाईघाईने म्हणाले, “नाही, नाही, तुमच्यावर कुणीही शंका घेत नाही.” मला ठाऊकच होतं ते असं म्हणतील.

घरी आल्यावर मी हेच सगळं सुधीरला सांगितलं, म्हणजे खोटंच, आणि त्याने फोनवर नेहाला सांगितलं. तिचा लगेच मला फोन. ती ग्लासगोला वकिली करते, जन्म इथलाच. “आई, तू किती ब्रेव्ह आहे! त्या सगळ्या लोकांच्या समोर तू स्टँड घेतला! मी ऑफिसमध्ये सगळ्यांना तुझा गोष्ट सांगितला.” मी म्हणाले, अगं, त्यात काय एवढं. लेक माझा अभिमान बाळगते आहे, अजूनही. तिच्या मुलाला सांगते ती ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ब्रेंडाचा राजीनामा आला. चौकशी सुरू व्हायच्या आतच. रॉजरनी तो वाचून दाखवला. माझ्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं की एवढी गंभीर गोष्ट मी विसरत असेन, तर या कामाला मी लायक राहिले नाही, त्या मुलीच्या आईवडिलांची मी क्षमा मागते.

इथे संपलं असतं तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते. माणसं खोटं बोलतात, कुणाची तरी नोकरी जाते, जग चालतं — अशी समजूत घालून मी झोपले असते. झोपतही होते. खरं सांगते, छान झोप लागायची.

नवीन क्लार्क मिळेपर्यंत कागदपत्रं कुणाकडे तरी ठेवायची होती. मी ती माझ्याकडे घेतली. का, ते ओळखलंच असेल. वही. मला ती वही माझ्या घरात हवी होती. मे महिन्यात एका सकाळी ब्रेंडा गाडी घेऊन आली, सात खोकी. सुधीर बागेत होता, त्याने ती आत आणून ठेवली आणि परत गेला. मी तिला चहा विचारला. विचारावाच लागतो. ती बसली.

चहा तिने तसाच ठेवला. पिशवीतून निळी वही काढली, माझ्यासमोर उघडी केली. प्रत्येक फोनची नोंद, तारीख, वेळ, कोण, काय. मला वाटलं आलं अंगाशी. आता ही मला पकडणार. एक क्षणभर — हे सांगायला हवं — एक क्षणभर मला सुटल्यासारखंही वाटलं.

ती म्हणाली, “मी सगळा मार्च पाहिला. फेब्रुवारीही पाहिला. तुमचा फोन लिहिलेला नाही. मी नेहमी लिहिते.” मग वहीवरचा हात काढून म्हणाली, “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. माझ्याच वयाची असताना. आधी निरोप विसरायची, मग माणसं. ती मला ओळखत नव्हती शेवटची चार वर्षं.” तिचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. “मिसेस पाठक, तुम्ही रागावला असाल माझ्यावर, तुमचं बरोबर आहे. पण मला नीट सांगाल का, तो फोन कसा झाला? कोणता वार होता, मी काय म्हणाले? तुम्ही सांगितलंत तर कदाचित मला आठवेल.”

ती मला पकडायला आली नव्हती. ती माझ्याकडे मदत मागायला आली होती.

बाहेर सुधीरचं फावडं मातीत लागल्याचा आवाज येत होता. खोलीत आम्ही दोघीच. कुणी ऐकत नव्हतं, कुणी लिहून घेत नव्हतं. तेव्हा तरी? त्या बाईच्या तोंडावरची भीती दिसत होती मला, हात लांब करून लावता आला असता इतकी जवळ. तिला मी म्हणू शकत होते — ब्रेंडा, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही, तुझी वही खरी आहे.

मी म्हणाले, “मंगळवार होता. दुपार.”

ती पुढे झुकली.

मी म्हणाले, “मागे रेडिओ चालू होता. तुम्ही म्हणालात, जरा घाईत आहे, ओव्हनमध्ये काहीतरी आहे.”

तिने वहीचं पान पुन्हा जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, “मंगळवारी मी केक करते. चर्चच्या कॉफीसाठी.”

ते मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तर मी ते म्हणाले.

“असेल,” ती म्हणाली. “मग असेल. म्हणून लिहायचं राहिलं.” आणि मला थँक यू म्हणाली. उठताना माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता. मी म्हणाले, वय झालं की होतं असं, सगळ्यांचंच होतं. दारापर्यंत पोचवायला गेले. गाडी सुरू करण्यापूर्वी ती कितीतरी वेळ नुसती स्टिअरिंग धरून बसली होती.

पुढचं मला दुकानात, रॉजरकडून, तुकड्यातुकड्याने कळत गेलं. ती डॉक्टरकडे गेली. तपासण्या झाल्या. त्यांत ठाम असं काही निघालं नाही, पण तिला पटेना. तिने गाडी चालवणं बंद केलं, स्वतःहून, कुणी सांगितलं नव्हतं. चर्चचे हिशेब दुसऱ्याकडे दिले. गॅसवर काही ठेवलं की त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते, असं तिची शेजारीण सांगायची. शेवटी एडिनबराहून मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. चाळीस वर्षांचं घर विकलं. निरोपाला हॉलमध्ये चहा झाला. भाषण मी केलं. व्हाइस-चेअरमन झाले होते ना मी तोवर.

निळी वही माझ्याकडे आहे. नव्या क्लार्कला सगळी खोकी दिली, ती तेवढी दिली नाही. जाळलीही नाही. कपाटात साड्यांखाली आहे. मार्चचं पान मी कधीतरी काढून बघते. चार मंगळवार आहेत. दुपारच्या नोंदी आहेत त्यांत, एका मंगळवारी गवत कापणाऱ्याचा फोन आहे, एका मंगळवारी कुणाचाच नाही. तिचं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल आणि स्वच्छ आहे.

नाताळात तिचं कार्ड येतं. तीन आली. पहिल्यात फक्त शुभेच्छा. दुसऱ्यात नातवंडांचं. या वर्षीच्या कार्डात पाठीमागेही लिहिलं होतं, बारीक अक्षरात. लिहिलंय की डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, पण मी स्वतःवर फार विसंबत नाही. आणि मिसेस पाठक, तुम्हाला एक सांगायचं होतं, मला आता तो फोन आठवतो. अगदी स्पष्ट आठवतो. रेडिओ चालू होता, लिंबाचा केक होता, आणि मी तुम्हाला एप्रिलनंतर म्हणाले. त्या लहान मुलीचा विचार रोज मनात येतो. तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

मी तिला उलट कार्ड पाठवलं. त्यात लिहिलं, आठवलं ते बरं झालं, तब्येतीची काळजी घ्या. सुधीरने खाली सही केली आणि पोस्टात टाकून आला.